डोकं नाही, असं म्हणू नका
(विहाराच्या वर्धापनदिनी विद्यार्थी व पालकांपुढे केलेले भाषण)



"पोराला डोकंच नाही, वाचलेलं ध्यानात राहत नाही," असे आई-बाप आम्हाला सांगतात. पोरगं शेजारी मान खाली घालून उभं असतं. त्याच्यासाठी आज आम्ही बोधात्मक मानसशास्त्राची ओळख करून देत आहोत. माणूस लक्ष कसे देतो, ध्यानात कसे ठेवतो, विचार कसा करतो, हे ही शाखा प्रयोगाने तपासते.

१९५६ साली जॉर्ज मिलर या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवले, की तात्पुरत्या स्मृतीत एका वेळी सातेक गोष्टीच मावतात. पुढील संशोधकांनी हा आकडा चारपर्यंत खाली आणला. पण सुट्या गोष्टींचा गट बांधला, की जास्त मावते.

१, ४, १, ०, १, ९, ५, ६. परक्या माणसाला हे आठ सुटे आकडे. उल्हासनगरातल्या आपल्या वस्तीतले पोर मात्र लगेच म्हणेल, १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर, धम्मदीक्षा! त्याला ती एकच गोष्ट. फरक डोक्याचा नाही, ओळखीचा आहे. चार आर्यसत्ये, पंचशील, अष्टांगिक मार्ग असा संख्येत बांधलेला धम्म भिक्खूंनी लिहिला जाण्यापूर्वी कित्येक शतके मुखोद्गत ठेवला.

आता विसरण्याचे. जर्मनीच्या एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली प्रसिद्ध केले. पाठ केलेले पहिल्या काही तासांतच झपाट्याने विसरते. म्हणजे विसरणे हा मनाचा स्वभाव आहे, पोराचा गुन्हा नव्हे.

उपाय काय? २००६ साली रोडिगर आणि कार्पिके यांनी काही विद्यार्थ्यांना उतारा पुन्हा वाचायला लावला, काहींना तो न बघता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने आठवणारे पुढे गेले. म्हणून मित्रांनो, धडा वाचा, पुस्तक मिटा, आठवून लिहा. उद्या पुन्हा, आठवड्याने पुन्हा. आणि पालकहो, तेवढा वेळ टीव्ही बंद ठेवा. एका खोलीच्या घरात तीच पोराची अभ्यासिका.

बुद्धी जन्मावर ठरते, असे सांगून आपल्या वाडवडिलांना शाळेबाहेर ठेवले गेले. बाबासाहेबांनी ते खोटे ठरवले. तेच आता आपण आपल्या घरात, आपल्याच पोराला ऐकवायचे काय?

जयभीम! नमो बुद्धाय!