नांगरामागून आलेला कारखाना



पुण्याहून मिरजेकडे आगगाडीने जाताना, मिरज येण्याआधी किर्लोस्करवाडी नावाचे एक स्टेशन लागते. पूर्वी या स्टेशनाचे नाव कुंडल रोड असे होते. भोवती माळरान, निवडुंगाची बेटे आणि साप-विंचू. अशा ठिकाणी माणसे वस्तीला आली, कारखाना उभा राहिला, आणि शेवटी स्टेशनानेही आपले नाव बदलून त्या वस्तीचे नाव घेतले. हे कसे घडले, ते आज सांगायचे आहे.

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी २० जून १८६९ रोजी लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म झाला. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. पण डोळ्यांना काही रंगांतला फरक नीट कळत नाही असे आढळले आणि चित्रकला सुटली. मग यांत्रिक रेखाटन शिकून ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिक्षक झाले. गुरुजनहो, हे आपण विशेष ध्यानात ठेवा : हा कारखानदार मुळात तुमच्यासारखाच खडू हातात धरणारा माणूस होता.

१८८८ साली बेळगावात त्यांचे सायकलींचे दुकान सुरू झाले. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या, आणि वडीलबंधू रामूअण्णांनी त्या विकायच्या व गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायच्या, अशी वाटणी होती. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ हे नाव त्या दोन भावांचे. पुढे तंत्रशाळेत बढतीच्या वेळी लक्ष्मणरावांना डावलून दुसऱ्याला जागा दिली गेली. त्यांनी नोकरी सोडली, बेळगाव गाठले आणि लहानशा कारखान्यात कडबा कापायची यंत्रे करायला सुरुवात केली. त्यानंतर १९०३ साली लोखंडी नांगर तयार झाला.

आता आपल्याला वाटेल, नांगर तयार झाला आणि शेतकऱ्यांच्या उड्या पडल्या. तसे मुळीच झाले नाही. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली!

का बरे? लोक म्हणत, “लोखंडानं जमीन नासते. रानात विष कालवल्यासारखं होतं.” आज आपण हसतो. पण जरा त्या शेतकऱ्याच्या जागी उभे राहून बघा. लाकडी नांगराला लोखंडी फाळ असतो, हे त्यालाही ठाऊक होते. पण लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार तो बलुत्यावर दुरुस्त करून देत असे. रोख पैसा लागत नसे. हा नवा नांगर बिडाचा. बिडाचा भाग मोडला तर गावच्या लोहाराला तो भात्यावर तापवून, ठोकून जोडता येत नाही. बीड ठोकले की फुटते. म्हणजे रोख पैसे मोजून घ्यायचा, ओढायला जास्त बैल जुंपायचे, आणि ऐन हंगामात मोडला तर करायचे काय? ‘जमीन नासते’ या बोलण्याच्या पोटात ही खरी धास्ती होती. एक हंगाम चुकला की घरात वर्षभर दाणा नाही. ज्याच्या पदरी दुसरा हंगाम नाही, त्याने नवी वस्तू दहा वेळा पारखून घेतली तर त्याला अडाणी म्हणू नये.

तर मग नांगर खपला कसा? मातीनेच साक्ष दिली म्हणून. लाकडी नांगर जमीन उकरतो. लोखंडी नांगर जमीन पालथी करतो. त्याची वळणदार पाती खालची ढेप उचलून उलटी टाकते. काळ्या रानात हरळी आणि कुंदा यांच्या मुळ्या किती खोल जातात, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या मुळ्या उन्हावर येऊन वाळल्या की मग तोंडच्या वादाला जागा उरत नाही. एकाच्या रानात फरक दिसला की शेजारचा बांधावर येऊन उभा राहतो. शेतकऱ्याची शाळा ही अशी बांधावर भरते!

पण नांगर खपू लागतो न लागतो तोच दुसरे संकट आले. बेळगावच्या नगरपालिकेला नव्या वस्तीसाठी जागा हवी होती, आणि कारखान्याला ती सोडावी लागली. त्या सुमारास औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लक्ष्मणरावांकडे औंधला बांधकामाचे एक काम सोपवले होते. त्यांनी ही अडचण ऐकली आणि संस्थानात हवी ती जागा बघा असे सांगितले. कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर ओसाड जमीन आणि १० हजार रुपये बिनव्याजी त्यांनी दिले. १० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा स्थापनादिवस मानतात.

वाडी वसवताना एकट्याचे हात पुरले नाहीत. यंत्रांकडे शंभुराव जांभेकर, हिशेबाकडे मंगेशराव रेगे, विक्रीकडे के. के. कुलकर्णी, आणि वस्तीच्या व्यवस्थेकडे रामूअण्णा. आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी वाडीच्या पहाऱ्यावर नेमले. लोकांनी ज्यांना चोर म्हणून बाहेर ठेवले, त्यांच्याच हाती त्यांनी राखण दिली.

पुढे पहिले महायुद्ध आले. परदेशातून येणारे बीड आणि कोळसा दुर्मिळ झाला. तेव्हा जुने मोडके लोखंड गोळा करून ओतकाम चालू ठेवले. १९२० साली ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ ही भागधारकांची कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. पुढे ते ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून गाजले. १९३० साली त्याला ‘स्त्री’ची जोड मिळाली. नांगर करणाऱ्या वाडीतून छापील विचारही गावोगाव जाऊ लागला.

यापुढे हा व्यवसाय कसा पसरला, ते समजून घ्यायचे असेल तर कंपन्यांची यादी पाठ करू नका. आपल्या शेतावर या. जमीन खोल नांगरली. आता तिला पाणी हवे. मोटेने किती उपसणार? म्हणून पंप आला. १९२६ साली किर्लोस्करांनी सेंट्रिफ्यूगल पंप तयार केला. या पंपात एक चक्र गरगर फिरते, पाणी कडेला फेकते, आणि मध्ये पडलेल्या पोकळीत विहिरीतले पाणी चढते. पण असे पाणी ओढायला मर्यादा आहे. व्यवहारात पंचवीस फुटांच्या आसपास ओढ संपते. म्हणूनच खोल विहिरीत पंप खाली ओट्यावर बसवावा लागतो. याच वर्षी लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतून यंत्रशास्त्राचे शिक्षण पुरे करून आले. ते १९०३ चे, म्हणजे नांगराच्याच वर्षी जन्मलेले!

बरे, पंप फिरवायला जोर हवा. गावात वीज नव्हती. म्हणून इंजिन : १९४६ साली पुण्याजवळ खडकीला ऑइल इंजिनांची कंपनी निघाली. वीज येईल तेथे मोटर हवी : त्याच वर्षी बंगळूरला विजेच्या मोटरींची कंपनी निघाली. आणि ही सारी यंत्रे करायला मुळात यंत्रे हवीत : त्यासाठी १९४१ मध्येच म्हैसूर संस्थानात हरिहरला लेथ वगैरे करणारा कारखाना उभा राहिला होता. नांगराने पाणी मागितले, पाण्याने पंप मागितला, पंपाने इंजिन मागितले. शेतकऱ्याची एक गरज भागली की तिच्या पोटी दुसरी जन्मते. ती ज्याने ओळखली, त्याचा कारखाना वाढला.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले. शंतनुरावांनी पुढे जवळजवळ चार दशके हा व्याप वाढवला. १९९४ साली तेही गेले. १९९७ मध्ये टोयोटा या जपानी कंपनीबरोबर कर्नाटकातील बिडदी येथे मोटारींचा कारखाना काढण्यापर्यंत हे नाव पोचले.

पण केवळ भरभराटीच सांगितली, तर ती कीर्तनातली गोष्ट होईल. हरिहरचा तो यंत्रांचा कारखाना या शतकाच्या सुरुवातीस बंद पडला. आणि घर वाढले तशी भाऊबंदकीही आली. २००९ साली कुटुंबाने आपसात करार केला, पुढे त्याच करारावरून वाद होऊन तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ‘ब्रदर्स’ या नावाने सुरू झालेल्या घराची ही गत! आपल्यापैकी ज्यांनी बांधाच्या हातभर जमिनीपायी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही. बांध शेताचा असो की कंपनीचा, वेळेवर आणि मोकळ्या मनाने आखला नाही तर पुढच्या पिढीला तो कोर्टात आखून घ्यावा लागतो.

मग या सव्वाशेहून अधिक वर्षांच्या हकिकतीतून आपण काय घ्यायचे? राजाने दिलेली जमीन सर्वांच्या वाट्याला येत नाही. पण न खपलेल्या नांगराची ती दोन वर्षे मात्र प्रत्येक धडपड्या माणसाच्या वाट्याला येतात. त्या दोन वर्षांत लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला दोष देत बसून दुकान बंद केले असते, तर पंप नाही, इंजिन नाही, आणि ते माळरान निवडुंगाचेच राहिले असते.

गुरुजनहो, वर्गात हा धडा सांगताना मुलांना एक प्रश्न जरूर विचारा : “तुझ्या घरी शेतात कोणते काम करताना आईबापांची कंबर दुखते?” मुले जे उत्तर देतील ते फळ्यावर लिहून ठेवा. लोखंडी नांगराची सुरुवातही अशाच एखाद्या दुखण्यातून झाली होती.