वाया जाणारी ज्योत
(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



म्हैसूरजवळच्या येलवाल या गावी सप्टेंबर १९५७ मध्ये ग्रामदान परिषद भरली. विनोबा भावे यांच्यासमवेत राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद, पंतप्रधान जवाहरलाल नेहरू आणि निरनिराळ्या पक्षांचे पुढारी तेथे एकत्र बसले. प्रश्न जमिनीचा होता : निसर्गदत्त संपत्तीचा स्वामी कोण, आणि ती ज्याच्या हाती आली त्याचे कर्तव्य कोणते? वीस वर्षांच्या आत हाच प्रश्न मुंबईच्या समुद्रात वेगळ्या रूपाने उभा राहिला.

१९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रतळाखाली तेल शोधले, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तेलाबरोबर वायूही वर आला. सोड्याच्या बाटलीचे बूच काढताच बुडबुडे उसळतात, तसाच दाब कमी होताच तेलात विरघळलेला वायू मोकळा होतो. तेल जहाजात भरता येते. वायूला मात्र नळ लागतो. नळ नसेल, किंवा अपुरा पडत असेल, तर तो उंच नळीच्या तोंडाशी पेटवून देतात. न जाळता सोडला तर स्फोटाचे भय असते, शिवाय त्यातील मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी अधिक उष्णता वातावरणात अडवून ठेवतो. मुंबई हायचा बराच वायू प्रारंभीच्या काळात असाच जळून गेला. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगभर सुमारे १४८ अब्ज घनमीटर वायू असाच जाळला गेला.

हा वायू निरुपयोगी होता काय? उरणने त्याचे उत्तर दिले. समुद्राखालील नळाने तो किनाऱ्यावर आला आणि १९८२ पासून महाराष्ट्र राज्य वीज मंडळाची वायू टर्बाइने त्यावर फिरू लागली. पुढे टर्बाइनांतून बाहेर पडणाऱ्या तप्त धुरावर पाणी उकळून, त्या वाफेवर प्रत्येकी १२० मेगावॉटचे दोन संच चालवले गेले. म्हणजे टाकाऊ वायूपासून वीज आणि त्याच्या टाकाऊ उष्णतेपासून पुन्हा वीज! खासगी क्षेत्रात टाटांनी तुर्भे येथे १९८४ मध्ये उभारलेला ५०० मेगावॉटचा संच कोळसा, तेल आणि वायू या तिन्ही इंधनांवर चालू शकेल, असा रचला. सह्याद्रीवर कोसळणारे पाणी अडवून १९१५ मध्ये खोपोलीला वीज निर्माण करणाऱ्या उद्योगसमूहाला ही दृष्टी नवी नव्हती.

तथापि तेलक्षेत्राच्या वायूवर खासगी वीजकेंद्र उभारणे केवळ यंत्रे विकत घेण्याइतके सोपे नाही. वायूतील पाणी, जड घटक आणि असल्यास हायड्रोजन सल्फाइड काढावे लागतात. दाब वाढवावा लागतो. वीज वाहून नेण्यास तारा हव्यात. वायूपुरवठ्याचा आणि वीजखरेदीचा असे दोन करार जुळले नाहीत, तर सारेच अडते. सर्वांत कठीण गोष्ट ही की, या वायूचे मान तेलाच्या उपशावर अवलंबून असते. विहीर थकली की वायूही आटतो; केंद्राचे कर्ज मात्र आटत नाही. उरणलाही पुरेशा वायूअभावी क्षमतेपेक्षा कमी वीज निर्माण करावी लागली आहे. म्हणून दूरच्या लहान विहिरींवर हलवता येतील अशी छोटी वायुइंजिने बसवणे पुष्कळदा अधिक शहाणपणाचे ठरते.

आणखी एक कसोटी आहे. ज्वालेत जळून जाणाऱ्या वायूला कोणी वाली नसतो. पण त्याला किंमत येताच दावेदार उभे राहतात. खतकारखान्याला तो युरियासाठी हवा असतो, शहराला चुलीसाठी. ‘टाकाऊ’ म्हणून स्वस्तात मिळवलेल्या वायूची वीज चढ्या दराने विकली, तर ज्योत विझेल, पण अन्याय उरेल. भूगर्भातील ठेव राष्ट्राची आहे. उद्योजक तिचा विश्वस्त आहे. त्याला रास्त नफा अवश्य मिळावा, परंतु वायूचे मोजमाप, त्याचा दर आणि तो किती वर्षे पुरेल याचा अंदाज लोकांपुढे उघड असावा.

या शाळेच्या बाकांवरून उठलेले कित्येक विद्यार्थी उद्या अशा करारांवर सही करतील, यंत्रे उभारतील, हिशेब तपासतील. व्यवस्था अपुरी पडते तेव्हाच वस्तू टाकाऊ ठरते, हे त्यांनी ध्यानी ठेवावे. आणि ती व्यवस्था उभारताना येलवालचा जुना प्रश्न स्वतःला एकदा अवश्य विचारावा : जे हाती आले आहे, ते नेमके कोणाचे?