घराची मागची बाजू

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. घर बांधताना माणसाची काय दमछाक होते, ते तिने सांगून ठेवले आहे. परंतु बांधलेले घर पुढे वीस-पंचवीस वर्षे सांभाळावे कसे, याविषयी ती काही बोलत नाही. आज मला बोलायचे आहे ते या सांभाळण्याविषयी, आणि त्यातही घराच्या मागच्या बाजूविषयी.

दर्शनी भिंतीला आपण दिवाळीत रंग देतो, ओटा स्वच्छ ठेवतो, दारात रांगोळी घालतो. परसदारी मात्र संडासाची टाकी असते आणि तिच्या आसपास बहुधा एखादे कुत्रे असते. टाकी जमिनीत गाडलेली, म्हणून दिसत नाही. कुत्रे दिसते, पण त्याला बोलता येत नाही. दोघांचीही तक्रार आपल्या कानी येते ती काही विपरीत घडल्यावरच.

आधी टाकीचे पाहू. २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियान सुरू झाले आणि खेडोपाडी घरोघर संडास झाले. ही मोठीच गोष्ट झाली. पण संडास बांधला म्हणजे काम संपले असे नव्हे. आमच्या संग्रामपूर भागातली जमीन काळी, भारी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणजे ही जमीन टाकीच्या भिंतीला वर्षातून एकदा दाबते आणि एकदा तिचा आधार काढून घेते. मग भिंतीला तडा जातो, नळाचा सांधा निखळतो. उन्हाळ्यात टाकीतले घाण पाणी बाहेर झिरपते. पावसाळ्यात बाहेरचे पाणी आत शिरते आणि संडास तुंबतो. त्यात आपला हा खारपाणपट्टा. गोड्या पाण्याची एखादी विहीर असेल, तर तिच्यात मैल्याचा अंश जाणे आपल्याला मुळीच परवडणार नाही. म्हणून टाकी आणि शोषखड्डा विहिरीपासून निदान १५ मीटर, म्हणजे सुमारे ५० फूट दूर असावा.

दुरुस्ती करायची ती पाऊस पडण्यापूर्वी, जमीन कोरडी असताना. गवंड्याला सांगा, की टाकीभोवतीची काळी माती काढून तेथे मुरूम भरा आणि तो नीट ठोकून बसवा. मुरूम काळ्या मातीसारखा फुगत नाही. टाकीतला गाळ दोन-तीन वर्षांनी यंत्राच्या गाडीने उपसून घ्यावा. वास येतो म्हणून संडासात ॲसिड आणि फिनेल ओतत राहू नये. मैला कुजवणारे जंतू त्याने मरतात आणि टाकीचे कामच थांबते. हवेच्या नळीला वर बारीक जाळी बांधावी, म्हणजे टाकीत डास होणार नाहीत.

आणि सर्वांत महत्त्वाचे सांगतो. टाकीत माणूस उतरवू नका. कुजणाऱ्या मैल्यातून आणि शेणातून विषारी वायू निघतो. त्याला आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण वायू वाढला की नाकच बधिर होते आणि वास गेला असे वाटते. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीतही येथे घातक आहे, कारण त्यातला मिथेन वायू पेट घेतो. संरक्षक साधनांवाचून टाकीत माणूस उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. घरमालक म्हणेल, ‘मजूर आपल्या राजीखुशीने उतरला.’ पण कायदा ते ऐकत नाही, आणि ऐकूही नये.

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात नेवासे तालुक्यात वाकडी नावाचे गाव आहे. ९ एप्रिल २०२४, गुढीपाडव्याचा दिवस. गोबरगॅसची मळी साठवलेल्या एका पडीक विहिरीत मांजर पडले. त्याला काढायला एक जण उतरला, तो वर येईना. त्याला काढायला दुसरा उतरला, मग तिसरा. असे सहा जण उतरले. पाच दगावले. कमरेला दोर बांधलेला होता, तो एकटा वाचला.

या माणसांना कोणी मूर्ख म्हणू नये. मुक्या जनावरासाठी आणि मग आपल्या माणसासाठी ती धावली. पण ही गोष्ट मनात ठेवली म्हणजे एक कळते. दया संकटाच्या वेळी धावून दाखवावी लागू नये, अशी तजवीज आधीच करायची असते. खड्ड्यावर घट्ट झाकण असणे हीसुद्धा दयाच आहे. दुरुस्तीला टाकी उघडली आणि संध्याकाळ झाली, तर फरशी टाका, भोवती काटे लावा. रात्री तेथून कुत्रे जाते, वासरू जाते, आपलेच लेकरूही जाते. एवढे करूनही जनावर पडलेच, तर आत उतरू नका. बाजेच्या चारी खुरांना दोर बांधून ती खाली सोडा आणि ११२ क्रमांकावर फोन करा.

आता कुत्र्याचे. दत्ताच्या तसबिरीतल्या चार कुत्र्यांना आपण हात जोडतो, आणि दारातल्या कुत्र्याला त्याच हाताने धोंडा मारतो. राखणीला म्हणून पिल्लू आणतो आणि हातभर साखळीला जन्मभर बांधतो. उन्हात पाणी नाही, रात्री सुटका नाही. असे कुत्रे पुढे चावरे होते, मग त्याला गावाबाहेर सोडतात. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा आहे. जनावराला अवाजवी आखूड साखळीने दीर्घकाळ बांधणे हा त्यात गुन्हाच धरला आहे. विष घालून मारणाऱ्याला आताच्या न्याय संहितेत ५ वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे.

तुम्ही म्हणाल, ‘गुरुजी, पण कुत्री चावतात त्याचे काय?’ ही भीती खोटी नाही. पिसाळी एकदा अंगात भिनली की तिच्यावर औषध नाही. म्हणून दारच्या कुत्र्याला दर वर्षी लस टोचून घ्या. मोकाट कुत्र्यांच्या नसबंदीची आणि लसीची जबाबदारी २०२३ च्या नियमांनी स्थानिक संस्थांवर टाकली आहे. ग्रामसभेत तो विषय मांडा. कुत्रे चावलेच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. तिच्यावर तिखट, चुना लावू नका. लगेच सरकारी दवाखाना गाठा आणि सुया पुऱ्या घ्या.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. गाडगेबाबा आपल्या वऱ्हाडातले. अमरावती जिल्ह्यात शेंडगावी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात देवापुढे बकरे कापू नका म्हणून सांगायचे, असा त्यांचा परिपाठ. स्वच्छता आणि मुक्या जिवाची दया ही त्यांनी दोन खाती मानली नाहीत. त्यांच्या जयंतीला शाळेत मुलांच्या हाती झाडू द्याच. शिवाय मुलांना आपापल्या घरी तीन गोष्टी पाहून यायला सांगा: टाकीचे झाकण शाबूत आहे का, हवेच्या नळीला जाळी आहे का, आणि कुत्र्याच्या भांड्यात पाणी आहे का. मुलाने विचारलेल्या प्रश्नाला बाप सहसा टाळत नाही.

आणि घरधन्यांनो, शाळेची वाट कशाला पाहायची? हे ऐकून झाले की उठा, परसदारी जा आणि टाकीच्या झाकणावर हात ठेवून ते हलते का ते पाहा.