माळावरची धाव

आपल्या इंदापूर तालुक्यात कडबनवाडीचा माळ आहे. मुरमाड टेकाडे, कुसळी गवत, चिंकारा हरणांची वस्ती. शहरातील मंडळी हल्ली असल्या आडवाटांवर हौसेने धावतात. त्यांना आम्ही नावे ठेवीत नाही. चढावर छाती भरून येते, उतारावर सुटा मुरूम पावलाखालून सरकतो. कसोटी खरीच आहे.

पण याच मुलखातली दुसरी एक धाव आम्हाला ठाऊक आहे. लता भगवान करे या मूळच्या बुलढाण्याकडच्या, पोटासाठी बारामतीला आलेल्या शेतमजूर. साठी उलटलेली. नवऱ्याच्या तपासणीला पैसे नव्हते, म्हणून लुगडे नेसून बारामतीच्या शर्यतीत उतरल्या, अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरांत पहिल्या आल्या. २०२० साली त्यांच्यावर चित्रपट निघाला. त्यात काम त्यांनीच केले आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. टाळ्या आम्हीही वाजवल्या.

नंतर युनियनच्या बैठकीत एका बाईंनी विचारले, "दादा, त्या दुसऱ्या आल्या असत्या तर?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. १९४८ च्या कायद्याने कारखान्यातल्या कामगाराला राज्य विमा मिळाला. उसाच्या फडातल्या बाईला तो मिळाला नाही.