उसण, लचक आणि आखडलेली मान



आपल्या ज्ञातीचा पिढीजात धंदा सोनारकामाचा. ऐरणीवर मान वाकवून बसण्यात आमच्या वडिलांचा जन्म गेला; त्यांची नातवंडे संगणकापुढे तशीच वाकून बसतात. म्हणून हा विषय.

मणके एकमेकांस बांधून ठेवतात ते अस्थिबंध, आणि त्यांस हालवितात ते स्नायू. जड ओझे अंग पिळून उचलले की स्नायूंचे काही तंतू तुटतात, भोवतालचे स्नायू आवळतात, आणि श्वास घेतानाही चमक निघते. उसण म्हणतात ती बहुधा हीच. अस्थिबंध ताणला तर लचक. स्नायूस रक्त मुबलक मिळते, म्हणून तो लवकर सांधतो. अस्थिबंधास विलंब लागतो. क्ष-किरणांच्या साध्या चित्रात हाडे दिसतात, हे दोन्ही दिसत नाहीत. सबब चित्र निर्दोष आले म्हणजे रोगी ढोंग करतो असे नव्हे. घरच्या सुनेच्या बाबतीत हा निष्कर्ष फार त्वरेने काढला जातो, हे सांगणे भाग आहे.

लहानपणी आमची उसण काढण्यास शेजारचे एक पायाळू गृहस्थ पाठीस पाय लावीत. चार दिवसांत आराम पडे. पाय न लावताही पडला असता. परंतु त्यांस हसण्याचा अधिकार आम्हांस नाही. १९८२ साली मातोश्रींची कंबर धरली, तेव्हा आम्ही, वैद्यकी शिकलेल्या मुलाने, त्यांस तीन आठवडे फळीवर निजविले. त्या उठल्या त्या काठी धरूनच. तेव्हा रीतच तशी होती. पुढे १९८६ साली अमेरिकेतील प्रयोगात, सात दिवस विश्रांती सांगितलेल्यांपेक्षा दोनच दिवस सांगितलेले रोगी लवकर कामावर गेले. १९९५ साली हेलसिंकी नगरपालिकेच्या सेवकांत, सोसतील तेवढी नित्याची कामे करणारेच सर्वांत लवकर सुधारले. मातोश्री तेव्हा हयात नव्हत्या.

शेक घ्यावा, थोडे हिंडावे. मोटारीच्या धडकेने मानेस बसलेला हिसका कधी दुसऱ्या दिवशी दुखू लागतो, तेव्हा तपासून घ्यावे. केशकर्तनालयात मान कडकन मोडून घेण्याची हौस मात्र सोडावी. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीस त्याने क्वचित इजा होते.

आणखी एक. कंबरदुखीसह बैठकीचा भाग बधिर झाला, लघवी अडली वा नकळत होऊ लागली, पायांतली शक्ती गेली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, रात्र असली तरी. आपल्या वडीलधाऱ्या स्त्रिया लाजेपोटी हे मुलांस सांगत नाहीत. तेव्हा मुलांनीच विचारावे.