परसातली कण्हेर आणि घरातले मांजर

कावेरीकाठच्या कुंभकोणम् नगरीत देवळांच्या वाटेवर फुलमाळांची दुकाने लागतात. त्या माळांत कण्हेर हटकून असते. तिथे तिला अरळी म्हणतात. तंजावरच्या भोसल्यांमागून त्या मुलखात गेलेली मराठी घरे आजही तिथे नांदत आहेत. पूजेसाठी परसात कण्हेर लावण्याची रीत त्यांना आणि आपल्याला सारखीच परिचित आहे.

देवाला वाहिले जाणारे हे झुडूप मांजराला मात्र घातक आहे. मूळ, साल, पान, फूल, चीक, सर्वच विषारी. पान वाळले तरी विष ओसरत नाही. डहाळी ठेवलेल्या फुलदाणीतले पाणीही निर्धोक नसते. पिवळ्या कण्हेरीची गोष्ट निराळी नाही. आधी लाळ आणि ओकाऱ्या, मग हृदयाची लय बिघडते आणि प्राणावर बेतते.

मांसाहारी मांजर पाने कशाला खाईल, असे आपण म्हणाल. परंतु ते गवत चघळते, अंगाला लागलेला चीक चाटते. पिल्लाला तर हलते पान म्हणजे खेळणेच.

2024 साली केरळातील त्रावणकोर देवस्वम मंडळाने नैवेद्य-प्रसादातून अरळी वगळली, ती माणसांच्या काळजीपोटी. मुक्या जिवाची काळजी आपणच वाहायची. छाटलेल्या डहाळ्या आणि निर्माल्य उघड्यावर टाकू नये. मांजराने पान चावल्याची नुसती शंका आली, तरी घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याला डहाळीसह पशुवैद्याकडे न्यावे. आपल्या ओसरीवर ते निःशंक निजते; त्या विश्वासाला आपण जागले पाहिजे.