पाणीही बेताने
(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. दरवर्षी या दिवशी मी मागच्या बाजूला कॉफीच्या पातेल्यापाशी उभी असते. यंदा मी आपण होऊन कार्यवाह बाईंकडे दहा मिनिटे मागून घेतली, कारण माझ्याकडून झालेली एक चूक मला तुमच्यापुढेच सांगायची आहे. ती चूक मी याच सभागृहात केली होती आणि तुमच्यापैकी पुष्कळजणींना तिच्यात ओढले होते.

गेल्या वर्षीचे चैत्रगौरीचे हळदीकुंकू तुम्हाला आठवत असेल. पन्हे आणि आंब्याची डाळ झाल्यावर मी उठून म्हटले होते की यंदा आपण सर्वांनी रोज तीन लिटर पाणी पिण्याचा संकल्प करू. फोनवर कुठूनसा संदेश आला होता. भरपूर पाण्याने रक्त शुद्ध होते, त्वचा तजेलदार होते, गुडघे दुखत नाहीत, वजन उतरते, असे त्यात बरेच काही होते. मी तो खरा मानला. मंडळाच्या भिंतीवर तक्ता लावला, नावापुढे पेल्यांच्या खुणा करायच्या ठरल्या, आणि महिनाअखेर जिच्या खुणा जास्त तिला स्टीलची बाटली बक्षीस. पाणी ते पाणी, त्याने कोणाचे काय वाईट होणार, असे सर्वांनाच वाटले. मलाही.

घरी गेल्यावर मी सासूबाईंनाही या संकल्पात घेतले. त्यांचे वय चौऱ्याहत्तर. रक्तदाबासाठी त्या एक गोळी घेत, त्या गोळीने लघवी जास्त होते. शिवाय रक्तदाब म्हणून त्यांचे जेवण मी जवळजवळ अळणीच करीत असे. त्यांना मुळात पाण्याची फारशी ओढ नाही. सकाळी उठल्यावर एक तांब्या, दुपारी एक, संध्याकाळी एक, आणि मधून मधून फुलपात्र. त्या कुरकुर करीत, "अगं, पोटात डुचमळतंय नुसतं." मी म्हणे, "आई, औषध समजून प्या." पोट पाण्याने भरलेले, म्हणून जेवण कमी झाले. एक पोळी, दोन घास भात, की पुरे. मला वाटले, उन्हाळा आहे.

दहाबारा दिवसांनी त्यांचे डोके दुखू लागले आणि मळमळ सुरू झाली. भगिनींनो, तेव्हा मी काय केले असेल? ऊन बाधले म्हणून आणखी पाणी पाजले.

एके दिवशी सकाळी त्या देवापुढे बसल्या होत्या. निरांजनात तूप घालायचे सोडून त्यांनी चहाच्या कपात वात ठेवली. मी विचारले तर मला त्यांच्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. नंतर उठताना तोल जाऊन पडल्या. रिक्षातून नेताना त्यांच्या हातापायांना झटके आले. मला वाटले, अर्धांगाचा झटका आला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी जेवणखाण, गोळ्या, सगळे विचारले आणि मग म्हणाल्या, "पाणी किती पितात?" मी मोठ्या अभिमानाने सांगितले, "तीन साडेतीन लिटर. मी स्वतः पाजते." त्यांनी हातातले पेन खाली ठेवले. रक्ताचा अहवाल आला तेव्हा त्यात सोडियम ११६ निघाले. निरोगी माणसाच्या रक्तात ते १३५ ते १४५ असते.

माझे शिक्षण सातवीपर्यंत. मी त्यांना म्हटले, "बाई, मला समजेल असे सांगा." त्या चांगल्या होत्या, रागावल्या नाहीत. सोडियम म्हणजे मिठातला मुख्य भाग. रक्तात मीठ आणि पाणी यांचे प्रमाण ठरलेले असते. आमटीत तांब्याभर पाणी जास्त पडले तर मीठ तेवढेच असूनही ती अळणी लागते, तसे रक्ताचे होते. पुढचे मला माझ्याच स्वयंपाकघरातून कळले. काकडी चोचवून मीठ लावले की तिला पाणी सुटते, कारण पाणी खारटपणाकडे धावते. मनुका साध्या पाण्यात टाकल्या की टम्म फुगतात, कारण पाणी आत शिरते. रक्त पातळ झाले की शरीरातल्या पेशी त्या मनुकांसारख्या फुगतात. हातापायाच्या पेशी फुगल्या तर तेथे जागा असते. मेंदू मात्र कवटीत, घट्ट झाकणाच्या डब्यात बसावा तसा बसलेला. तो फुगला की डोके दुखते, मळमळते, माणूस भ्रमिष्टासारखा बोलतो, झटके येतात, आणि वेळेवर उपाय झाला नाही तर प्राणही जातो.

मग मी विचारले, जास्तीचे पाणी लघवीवाटे जात नाही का? जाते. आपली मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातले बहुतेक परत रक्तात सोडतात. पण जास्तीचे पाणी बाहेर टाकण्याचा त्यांचा वेग ठरलेला आहे. धडधाकट माणसालाही तासाला लिटरभराच्या आसपासच जमते. त्याहून भराभर ढोसले तर ते आत साठते. म्हाताऱ्या माणसाचा वेग आणखी कमी. त्यात सासूबाईंची गोळी अशी की तिने लघवीवाटे मीठ बाहेर जाते आणि नुसते पाणी बाहेर टाकणे अवघड होते. वर माझा अळणी स्वयंपाक आणि रिकामे पोट. पाणी एकटे दोषी नव्हते, पण बाकीचे सगळे अगोदर होतेच. पाण्याची भर मी घातली.

कोणी म्हणेल, हे म्हाताऱ्या माणसांचे झाले. तसे नाही. अमेरिकेत बोस्टन शहरी दरवर्षी सव्वीस मैलांची धावण्याची शर्यत होते. २००२ साली तेथे धावणाऱ्या ४८८ जणांचे रक्त तपासले, त्यात शेकडा तेरा जणांचे सोडियम कमी झालेले आढळले. तो अभ्यास २००५ साली छापून आला. शर्यतीत ज्यांनी इतके पाणी प्याले की वजन उलट वाढले, त्यांना हा त्रास जास्त झाला होता. त्याच देशात कॅलिफोर्नियात २००७ साली नभोवाणीवर पाणी पिण्याची एक स्पर्धा झाली. लघवीला न जाता जो जास्त पाणी पिईल त्याला बक्षीस. तीन मुलांची एक आई, वय अवघे अठ्ठावीस, त्या स्पर्धेनंतर काही तासांत घरी मरण पावली. हे मला कळले तेव्हा मंडळाच्या भिंतीवरचा तक्ता आणि ती स्टीलची बाटली माझ्या डोळ्यांपुढे आली. आपली स्पर्धा महिनाभर पसरलेली होती म्हणून निभावले, एवढेच.

सासूबाई नऊ दिवस दवाखान्यात होत्या. मिठाचे सलाईन थेंब थेंब चाले. आमच्या यजमानांना राग येई की इतके सावकाश कशासाठी, भराभर का देत नाहीत? पण कमी मिठाची सवय झालेल्या मेंदूत ते एकदम वाढवले तर नसांना कायमची इजा होते, म्हणून दिवसाला ठराविक अंकच चढवायचे असतात. चहादूध धरून दिवसाचे पाणी एक लिटरवर आणले. सासूबाई शुद्धीवर आल्या आणि पाणी मागू लागल्या. ज्या हाताने मी बळेबळे पाजले त्याच हाताने फुलपात्र बाजूला सारायचे. त्या म्हणाल्या, "आता नको म्हणतेस होय!" मला रडू आले. त्या हसत होत्या.

आता तीन लिटरचा हा आकडा आला कुठून? अमेरिकेतल्या आहारशास्त्राच्या मंडळाने १९४५ साली लिहिले होते की मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे अडीच लिटर पाणी लागते. पण त्याच्या पुढेच असेही लिहिले होते की यातले बरेचसे आपल्या अन्नातूनच मिळते. लोकांनी पहिले वाक्य धरले आणि दुसरे सोडले. आपल्या ताटात पाणी का कमी असते? भात, आमटी, ताक, काकडी, कलिंगड, सगळ्यांत पाणीच. चहासुद्धा हिशेबात धरायचा, हे ऐकून मला फार बरे वाटले.

पण म्हणून उद्यापासून कोणी पाणी तोडू नका. आपल्या बायकांचे खरे दुखणे कमी पाण्याचेच आहे. एस.टी.ने लांब जायचे म्हटले की आपण सकाळपासून घोटभरच पितो, कारण वाटेत स्वच्छ संडास मिळेल की नाही याची खात्री नसते. बाजारात, लग्नकार्यात तेच. त्यापायी लघवीला जळजळ आणि ताप कितीजणींनी सोसला आहे, हे मी हात वर करायला सांगत नाही. मुतखडा झालेल्याला डॉक्टर मुद्दाम भरपूर पाणी प्यायला सांगतात. उन्हात काम करणाऱ्याला जास्त लागते. म्हाताऱ्या माणसांना तहान कमी कळते, तेव्हा त्यांना आठवण करून देणे चुकीचे नाही. मी आठवण करून दिली नाही, मी सक्ती केली. निरोगी माणसाने तहान लागेल तसे प्यावे आणि लघवी फिकट पिवळी आहे ना हे पाहावे. गडद असेल तर पाणी कमी पडते आहे. दिवसभर अगदी पाण्यासारखी पांढरी होत असेल तर आणखी पिण्याची जरुरी नाही. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी मात्र तहानेवर न जाता डॉक्टरांनी दिलेले माप पाळावे. सोनोग्राफीच्या आधी पाणी प्यायला सांगतात तेव्हाही सांगितले तेवढेच, उगाच चार तांबे जास्त नको.

आज्यांसाठी एक गोष्ट बोलते, रागावू नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातसुद्धा वरचे पाणी लागत नाही. आईच्या दुधात शंभरातले सत्त्याऐंशी भाग पाणीच असते. बाळाची मूत्रपिंडे लहान. "घसा सुकला असेल" म्हणून वाटीचमच्याने पाणी पाजत राहिले, किंवा डब्याचे दूध पुरवण्यासाठी जास्त पातळ केले, तर त्यालाही सासूबाईंसारखेच झटके येऊ शकतात. सुना हे सांगतात तेव्हा आपण म्हणतो, आम्ही पाच वाढवली. वाढवली खरी, पण सुनेचे ऐकावे.

आणि जुलाबवांती होत असताना नुसते पाणी देत राहू नये, कारण मीठही गेलेले असते. १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगाव येथे, पटकीची साथ होती आणि सलाईन संपत आले होते. तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठसाखरेचे पाणी पाजून असंख्य माणसे वाचवली. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. घरी करायचे तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ, दोन्ही सपाट. मीठ अंदाजाने टाकू नये. औषधाच्या दुकानातली पुडी मिळाली तर तीच बरी.

दवाखान्यातून परत आल्यावर मी पहिल्यांदा मंडळात येऊन तो तक्ता काढला. तुमच्यापैकी काहीजणींनी विचारले, तेव्हा मी "फाटला होता" असे सांगितले. फाटला नव्हता. ज्यांच्या घरी वडीलधारी माणसे लघवीची किंवा रक्तदाबाची गोळी घेतात, त्यांनी माझ्या सांगण्यावरून पाणी वाढवले असेल तर आज घरी जाऊन चौकशी करा. गोळी मनाने बंद करू नका, ते डॉक्टरांनीच करायचे. सासूबाईंचीही गोळी त्यांनीच बदलली, आणि आता दर तीन महिन्यांनी रक्त तपासून घ्यायला सांगितले आहे.

त्या आज आल्या आहेत, पहिल्या रांगेत, हिरव्या लुगड्यात. बक्षिसाची ती स्टीलची बाटली शेवटी कोणालाच दिली नव्हती. ती त्यांनी मागून घेतली आहे आणि तिच्यात तूप ठेवतात.